साधन हवं आहे, पैसे नाहीत: मराठवाड्यातल्या दिव्यांग घरांसाठी

"ताई, सध्या कोणती योजना चालू आहे?"

रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी अंबाजोगाईला राहते. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, लावून चालते. गेली काही वर्षं आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून येणाऱ्यांचे अर्ज भरून देते. त्या प्रश्नाला मी प्रश्नानंच उत्तर देते: दिवसभरात तुमचं नेमकं अडतं कुठं?

असं विचारायला मी शिकले ते स्वतःवर आलं तेव्हा. विशीत असताना आमच्याकडं शिबिर भरलं होतं. माझ्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा निखळला होता आणि मला तोच बदलून हवा होता. पण त्या दिवशी गाडीतून तीनचाकी सायकली उतरल्या होत्या. यादीत माझं नाव होतं, मला सायकलीवर बसवलं, हार घातला, फोटो काढला. आमची गल्ली चढाची, घराचं दार अडीच फुटांचं. सायकल लिंबाखाली उभी राहिली ती गंजेपर्यंत. वर्षभरानं कॅलिपरसाठी गेले, तर माझ्या नावावर लाभाची नोंद आधीच लागलेली. "तीन वर्षं थांबा." तीन वर्षं मी तुटका सांधा सुतळीनं बांधून चालले.

म्हणून नवीन माणसाला मी आधी योजना सांगत नाही. आधी वस्तू ठरवायची, मग कागद जमवायचे आणि मग पैसा कुठून येईल ते बघायचं.

पहिली पायरी: वस्तू ठरवा, आणि माप घ्या

"अपंगांची सायकल" म्हणून एकच वस्तू डोळ्यासमोर ठेवू नका. तीनचाकी सायकल बाहेरच्या रस्त्यासाठी असते, व्हीलचेअर घरात आणि सपाट जागेसाठी. हातानं चालवायच्या तीनचाकीला खांद्यात आणि दंडात जोर लागतो. आपल्या काळ्या मातीत ती पावसाळ्याचे चार महिने वावराच्या वाटेवर रुततेच. डांबरी रस्ता घरापासून किती लांब आहे, संडासाचं दार किती रुंद आहे, उंबरठा किती उंच आहे, हे टेपनं मोजून वहीत लिहा. व्हीलचेअर बसणाऱ्याच्या कमरेच्या मापाची हवी. फार रुंद असली तर माणूस एका कुशीवर कलतो. मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला गादी नसलेली खुर्ची दिली, तर बसल्या जागी जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. खुर्चीबरोबर उशीही मागा. अर्जातच लिहा.

कानाचं यंत्र ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाल्याशिवाय घेऊ नका. आठवडी बाजारात मिळणारं स्वस्त यंत्र सगळेच आवाज वाढवतं. ज्या माणसाला उंच पट्टीचे आवाज कमी आणि खालच्या पट्टीचे बरे ऐकू येतात, त्याला त्यातून नुसता गोंगाट मिळतो. शिवाय कानाचा साचा स्वतःच्या मापाचा नसला तर यंत्र शिट्टी मारतं. "आजोबा यंत्र लावतच नाहीत" ही तक्रार मी खूप ऐकते. बहुतेक वेळा दोष आजोबांचा नसतो, साच्याचा असतो.

कृत्रिम हातपायाचं माप जखम पूर्ण भरून, सूज उतरल्यावरच घ्यावं लागतं. घाईत घेतलं तर उरलेला हात-पाय ज्या खोबणीत बसतो ते सॉकेट दोन महिन्यांत सैल होतं. आपल्याकडं हात जातात ते कडबा कुट्टीत आणि मळणी यंत्रात. अशा माणसाला दिसायला हातासारखा हात हवा की विळा, खुरपं, बादली धरता येईल असा आकडा हवा, हे त्यालाच विचारा. घरची माणसं "दिसायला चांगला" म्हणतात, तो मात्र कामाचा मागतो.

हे ठरवायला फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट किंवा कृत्रिम अवयव बसवणारा तंत्रज्ञ लागतो. मराठवाड्यात त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि प्रत्येक जिल्ह्याचं सामान्य रुग्णालय आहे. लेकरू लहान असेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं आणि तिथूनच या केंद्राकडं चिठ्ठी देतं. डॉक्टरांकडून वस्तूचं नाव, माप आणि कारण असं चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढं प्रत्येक टेबलावर ती चिठ्ठी तुमच्या वतीनं बोलते.

अंध आणि कर्णबधिर माणसांनी इथंच एक गोष्ट करून बघावी, कारण तिला दमडी लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक असतं, ते पडद्यावरचं मराठी वाचून दाखवतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. ऐकू न येणाऱ्यासाठी लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं मोफत ॲप समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत उमटवतं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत यावर हात बसवून ठेवा.

दुसरी पायरी: कागदांची पिशवी

पिशवी म्हणते ती खरोखरची पिशवी. प्लॅस्टिकची, चेनची, पावसात न भिजणारी.

सगळ्यात वर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं, तपासणीला जायचं. अर्जाला सरकारी फी नाही. सेवा केंद्रवाल्यानं फॉर्म भरण्याचे आणि झेरॉक्सचे पैसे घेतले तर समजू शकते, पण "टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक योजनांचा उंबरठा ४० टक्के आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. सिकल सेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, अध्ययन अक्षमता आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचाही त्यात समावेश आहे. "हात-पाय धड आहेत, कसलं अपंग?" असं कुणी म्हणालं म्हणून मागं फिरू नका.

ज्यांच्याकडं जुना दाखला आहे, राज्याच्या एसएडीएम या संगणक प्रणालीचा किंवा त्याच्याही आधीचा हातानं लिहिलेला, त्यांनीही यूडीआयडी काढून घ्यावं. केंद्राच्या योजनांना आता तो क्रमांक लागतो. रुग्णालयात दिव्यांग बोर्डाचे वार ठरलेले असतात. वार विचारूनच निघा, नाहीतर धारूरहून बीडपर्यंतचा हेलपाटा वाया जातो. कार्ड हातात आलं की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगता असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. पुढच्या फेऱ्यांचा खर्च तिथंच हलका होतो.

मग उत्पन्नाचा दाखला. तहसीलमधून, सेतूवरून किंवा आपले सरकार केंद्रातून. तारीख बघून घ्या. आर्थिक वर्ष संपलं की जुना दाखला चालत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत सेतूवर शाळा-कॉलेजवाल्यांची रांग असते. केंद्राच्या साधन योजनेच्या शिबिरात सरपंचाचा, आमदार-खासदारांचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचं कार्डही चालतं. पण माझा अनुभव असा की तहसीलचा कागद दाखवला की वाद होत नाही.

आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. खात्याचं पासबुक नुसतं असून उपयोग नाही. बँकेत जाऊन विचारा, "थेट लाभाचे पैसे याच खात्यात येतील ना?" नावाची अक्षरं सगळीकडं सारखी हवीत. आधारवर एक आडनाव, यूडीआयडीवर दुसरं, पासबुकात माहेरचं, असं असेल तर अर्जाआधी दुरुस्ती करा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या किंवा हात गेलेल्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. त्यांनी आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळांची नोंद करून मागावी.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. दाखवायचा आणि परत पिशवीत.

तिसरी पायरी: मोठं दार, म्हणजे एडिप

केंद्र सरकारची ही योजना १९८१ पासून चालू आहे. साधनं घेण्यासाठी आणि बसवण्यासाठी मदत, एवढंच तिचं काम. कुटुंबाचं उत्पन्न महिना २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत मिळतं. २२,५०१ ते ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी किंमत. लेकरू किंवा आईवडिलांवर अवलंबून असलेली व्यक्ती असेल तर आईवडिलांचं उत्पन्न धरतात. आणि माझ्या नशिबी आला तो नियम: गेल्या तीन वर्षांत त्याच कामासाठी सरकारी मदत घेतलेली नसावी. मुलं वाढतात, माप बदलतं, म्हणून लहान मुलांना एका वर्षानंतरच पुन्हा मागता येतं. हे लक्षात ठेवा, कारण पायाची बूट-पट्टी दर वर्षी आखूड होते आणि आईबाप तीन वर्षं वाट बघत बसतात.

बहुतेक साधनं कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्यात तयार होतात. १९७२ साली स्थापन झालेली ही कंपनी. शिबिरं तीच घेते, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग किंवा एखादी संस्था यांच्या मदतीनं. यादीत काय काय असतं? तीनचाकी, व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम हातपाय, कानाची यंत्रं, पांढरी काठी, ब्रेल साहित्य, अंधांसाठी बोलणारा स्मार्टफोन, अडथळा जाणवला की थरथरणारी स्मार्ट केन, सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांची खुर्ची, मतिमंद मुलांसाठी शैक्षणिक संच.

इथं नवी माणसं फसतात ती शिबिराच्या पद्धतीत. शिबिर दोनदा होतं. पहिल्यांदा तपासणी आणि मोजमाप. तिथं वस्तू मिळत नाही, एक पावती मिळते. वाटप काही महिन्यांनी. पावती हरवली की शोधाशोध, म्हणून तिचा फोनवर फोटो काढा. आणि पावतीवर लिहिलेलं साधन तुम्ही मागितलेलंच आहे का, ते तिथंच, टेबल सोडायच्या आधी, वाचून घ्या. वाचता येत नसेल तर कुणाला तरी वाचायला लावा. "कॅलिपर" च्या जागी "ट्रायसिकल" लिहिलं असेल तर लगेच सांगा. नंतर ते बदलत नाही.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची किती घरं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ते सांगायला नको. ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तपासणी ऑगस्टमध्ये झाली आणि वाटप जानेवारीत निघालं, तर साधन गावात येतं आणि माणूस फडावर असतो. अशा घरांनी निघण्याआधी तीन जणांना सांगून ठेवावं: ग्रामसेवक, आशाताई आणि तालुक्याच्या पंचायत समितीत दिव्यांगांचं काम बघणारा कर्मचारी. मुकादमाचा नाही, स्वतःचा चालू नंबर द्यावा. माप लागणारं साधन असेल तर स्वतःच यावं लागतं. दोन दिवसांचा खाडा पडतो, पण दुसऱ्याच्या मापाची कुबडी काखेला जखम करते.

बॅटरीवरची तीनचाकी सगळ्यांनाच हवी असते. ती मिळते गंभीर दिव्यांगतेला. शिबिरात साधारण ८० टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र आणि गाडी सांभाळण्याइतकी नजर व हाताची पकड बघतात. किमतीचा एक भाग योजनेतून येतो, उरलेला खासदार निधीतून, कंपनीच्या सामाजिक निधीतून किंवा स्वतः भरायचा असतो. खासदार निधीतून दिव्यांगांसाठी अशी वाहनं घेता येतात, नियमात तशी सोय आहे. तेव्हा खासदारांच्या संपर्क कार्यालयात अर्ज देताना "मदत करावी" असं मोघम लिहू नका. साधनाचं नाव, एकूण किंमत, एडिपमधून किती मंजूर, किती कमी पडतात, असं चार ओळींत लिहा आणि मंजुरीची प्रत जोडा.

लेकरू जन्मतः बहिरं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायच्या यंत्रासाठी, एडिपमध्येच वेगळी सोय आहे. मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. खर्च लाखांत असतो, आणि इथं पैशापेक्षा वय महत्त्वाचं आहे. पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तेव्हाच मेंदू भाषा झपाट्यानं शिकतो. "बोलेल उशिरा, बापही उशिरा बोलला होता" म्हणत घालवलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीतही ही शस्त्रक्रिया आहे. ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षं थेरपी लागते, तिच्यासाठी जाण्या-येण्याचा हिशेब आधी मांडा.

चौथी पायरी: गावातलाच पैसा

हा पैसा सगळ्यात जवळ आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लोक विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी ते ३ टक्के होते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. पंचायतीचं असं उत्पन्न वर्षाला ४ लाख असेल तर दिव्यांगांचे झाले २० हजार. गावात बारा दिव्यांग असतील तर बहुतेक पंचायती काय करतात? सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. प्रत्येकाला सोळा-सतराशे. कुणाचंच काम होत नाही. त्यापेक्षा बारा जणांनी बसून ठरवावं: यंदा मंगळसूत्र गहाण ठेवून कानाचं यंत्र घेणाऱ्या वहिनीचं यंत्र, पुढच्या वर्षी शाळेत जाणाऱ्या पोराची व्हीलचेअर आणि शाळेच्या पायरीला उतार. हे अवघड आहे, कारण हजार रुपयेही सोडवत नाहीत. पण मी एका गावात हे होताना पाहिलं आहे आणि तिथली माणसं आता ग्रामसभेला एकत्र जातात.

ग्रामसभा वर्षातून चार तरी व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सभेच्या आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सभेत विचारा: गेल्या वर्षी ५ टक्क्यांचे किती झाले, किती खर्च झाले, कशावर? आवाज चढवू नका. ठराव वहीत लिहिला जातोय का, तेवढं बघा.

असाच ५ टक्के निधी जिल्हा परिषदेच्या सेसमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नात, असतो. त्याचे अर्ज पंचायत समितीमार्फत जातात आणि मुदत थोडी असते. शहरात राहत असाल तर नगरपालिका, महापालिका यांनाही हाच नियम. संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर आणि आता जालनाही महापालिका आहे. तिथली रक्कम ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

पाचवी पायरी: तुमच्या घराला लागू पडणारं एखादं वेगळं दार

शाळेत जाणारं लेकरू असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. समग्र शिक्षा अभियानातून पहिली ते बारावीच्या मुलांसाठी साधनांची वेगळी शिबिरं होतात. मुख्याध्यापकांनी नाव कळवलं नसेल तर पालकांनीच कळवावं.

घरात साठीच्या पुढची माय किंवा बाप आहे, दिसत नाही, ऐकू येत नाही, गुडघे गेलेत, पण दिव्यांग प्रमाणपत्र नाही? केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना त्यांच्यासाठीच. २०१७ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखाली असावं किंवा महिना उत्पन्न १५,००० च्या आत. काठी, वॉकर, व्हीलचेअर, कानाचं यंत्र, चष्मा, कवळीसुद्धा मिळते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी, ती ६५ पूर्ण झालेल्यांना, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यात देते. नावं सारखी असल्यामुळं लोक एकीचा अर्ज भरून दुसरीची वाट बघतात.

शेतात अपघात होऊन हात, पाय किंवा डोळा गेला असेल तर आधी तालुका कृषी कार्यालय गाठा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख मिळतात. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेल्याबरोबर कुटुंबातल्या एका सदस्यालाही लागू आहे. मुदत अपघातापासून मोजतात, म्हणून दवाखान्यात असतानाच घरच्या कुणीतरी धावपळ करावी. पैसे हातात आले की कर्जवाल्याकडं जायच्या आधी त्यातून कृत्रिम हाताचे बाजूला काढा.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल, तर कृत्रिम अवयव, कानाचं यंत्र हे त्या विम्यातूनच मिळतं. साधारण पगाराची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००. कंत्राटदार कापतो पण भरतो का, ते आधी तपासा.

जयपूर फूटवाली भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून पाय मोफत बसवते. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून तिथं कुणी परत पाठवत नाही. अवघड अवयव असेल, जन्मजात हात नसलेलं लेकरू असेल, तर मुंबईत हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग किंवा बहुदिव्यांग लेकराच्या घरांनी राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेचा निरामय हा आरोग्य विमा काढून ठेवावा. वर्षाला १ लाखापर्यंत आहे आणि थेरपीचाही खर्च त्यात बसतो. साधन मिळालं तरी थेरपीविना ते कोपऱ्यात पडतं.

आणि कर्ज. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ धंद्यासाठी कमी व्याजानं कर्ज देतं. शिलाई मशीन, झेरॉक्स, फिरतं दुकान अशा कामाला ते ठीक. निव्वळ साधनासाठी कर्ज काढू नका असं मी म्हणेन, वरची सगळी दारं वाजवून झाल्याशिवाय तर नकोच.

अर्ज अडला तर

तोंडी नकार हा नकार नसतो. "तुमचं बसत नाही" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, कारण अर्जावर लिहून द्या." निम्मे अर्ज तिथंच पुढं सरकतात. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या आणि तारीख वहीत लिहा.

महिना उलटला तर लेखी स्मरणपत्र. तरीही काही नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तोही नेमका: माझा अमुक तारखेचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे, यंदाचा दिव्यांग निधी किती होता, लाभार्थ्यांची यादी द्या. त्यानंतर आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार. शेवटचं दार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचं. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळं "आमचं खातं कोणतं?" हा जुना गोंधळ आता राहिलेला नाही.

दलालाला पैसे देऊ नका. माझ्याकडं एक बाप आला होता, मुलीच्या बॅटरी सायकलसाठी आठ हजार देऊन बसलेला. पावती नाही, नंबर बंद. सरकारी साधनाच्या वाटपासाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात. निम्म्या किमतीचा हिस्सा भरायचा असेल तर तो अधिकृत पावतीवरच भरतात.

साधन घरी आल्यावर

हा खर्च कुठल्याच अर्जात नसतो. बॅटरीच्या तीनचाकीची बॅटरी नीट सांभाळली नाही तर दीड-दोन वर्षांत बसते. रोज चार्ज करा, पूर्ण उतरू देऊ नका, आणि वाहन वापरात नसलं तरी आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावा. लोडशेडिंगच्या वेळा बघून रात्रीचं ठेवा. पहिल्या महिन्यापासून डब्यात दोनशे रुपये टाकत गेलात तर नवी बॅटरी घ्यायच्या वेळी हात पसरावा लागत नाही. हमीचं कार्ड आणि अनुक्रमांकाचा फोटो जपून ठेवा.

कानाचं यंत्र रात्री काढलं की सेलची खाच उघडी ठेवा. पावसाळ्यात झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून त्यात ठेवा. घाम आणि दमट हवा यंत्राला मारते. सेल तालुक्याला मिळत नसतील तर लातूरहून किंवा संभाजीनगरहून येणाऱ्याकडून सहा महिन्यांचे एकदम मागवा, पण सेलच्या पाकिटावरची तारीख बघून.

कॅलिपरचा पट्टा चांभारदादा शिवून देतात, बुटाचा तळही तेच बदलतात. तीनचाकीची चेन, टायर, स्पोक गावातला सायकलवाला करतो. साधन घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडं घेऊन जा आणि सगळे नट दाखवून ठेवा. कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये कुठं लाल वळ उठला तर दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी काढून ठेवा आणि बसवणाऱ्याला फोन करा. साखरेचा आजार असलेल्यांनी तर रोज संध्याकाळी आरशात तळवा आणि उरलेल्या पायाची कातडी बघावी.

तीन वर्षं झाली की वहीत मिळाल्याची तारीख बघा. त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा अर्ज करू शकता, आणि तोपर्यंत उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो, तो आधी काढायला टाका.